अँटिबायोटिकनंतर कावीळ – अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे

आईला सायनसच्या इन्फेक्शनसाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेट दिलं होतं. कोर्स संपला, ती बरीही झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी लघवी गडद व्हायला लागली आणि अंगाला खाज सुटली. पुरळ कुठेच नाही, तळहात-तळपाय मात्र रात्रभर खाजवत बसते. मग डोळे पिवळे दिसले.

हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडे नाहीत, पित्तनलिका फुगलेली नाही. यकृताच्या रक्तचाचण्यांत बिलिरुबिन (कावीळ करणारं पिवळं द्रव्य) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) दोन्ही वाढलेले. पोटविकारतज्ज्ञांनी मागच्या तीन महिन्यांतली सगळी औषधं विचारली, काढे-चूर्णंसुद्धा, आणि संशय या अँटिबायोटिकवरच धरला. औषध बंद झाल्यावरही असा त्रास सुरू होऊ शकतो, म्हणे. इतकं नेहमीचं औषध, त्यामुळे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. (मी पॅरासिटामॉलला दोष देत होते, पण त्याने यकृताला इजा मुख्यतः जास्त डोसमुळे होते आणि ती तर एखादीच गोळी घेते.)

आता आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) नॉर्मल आहे, गुंगी-गोंधळ नाही, म्हणून घरीच आहे. दर आठवड्याला रक्त तपासतो.

कोणाच्या घरी असं झालंय का? कावीळ पूर्ण उतरायला किती काळ लागला? खाजेवर डॉक्टरांनी काय दिलं, कोलेस्टायरामिन की आणखी काही? तिची कोलेस्टेरॉलची गोळी सध्या थांबवली आहे, तुमच्याकडे ती कधी परत सुरू केली? आणि पुढे दुसऱ्या डॉक्टरांना, दंतवैद्यांनासुद्धा, हे औषध द्यायचं नाही हे कळावं म्हणून फाइलवर नेमकं काय लिहून घेतलंत?