५०० ची नोट आणि वर १२ रुपये दिले तर काउंटरवरची मुलगी गोंधळलीच

कपबशी_पुणे

लोकहो, हा धागा शुद्ध वैतागातून काढतोय, आधीच सांगतो.

परवा संध्याकाळी घराजवळच्या एका सुपरमार्केटात गेलो होतो (नाव घेत नाही, कोथरूडात अशी ढिगाने आहेत, कुठलंही समजा). तूरडाळ, साबण, बायकोने सांगितलेला हिंग आणि न सांगितलेली बाकरवडी. बिल झालं ३६२. खिशात पाचशेची नोट आणि थोडी चिल्लर होती, म्हणून जुन्या सवयीने नोट दिली आणि वर एक दहाचं न एक दोनचं नाणं ठेवलं. म्हणजे १५० परत, एक शंभराची एक पन्नासाची, विषय संपला. तर ती मुलगी नाण्यांकडे बघते, माझ्याकडे बघते आणि बारा रुपये माझ्याकडे सरकवून म्हणते, "काका, पाचशे दिलेत ना, पुरेत."

मी म्हटलं अगं पाचशे बारा दिलेत, त्यातून ३६२ वजा कर. ती स्क्रीनकडे बघते, स्क्रीनवर १३८. मग मोबाइल काढला, काहीतरी केलं, परत पुसलं, शेजारच्या काउंटरवरच्या मुलाला हाक मारली, त्याने सुपरवायझरला बोलावलं, मागे लाइनीत सात-आठ जण, त्यातल्या एक बाई जोरजोरात उसासे टाकतायत आणि सगळ्यांच्या नजरेत गुन्हेगार कोण तर मी. शेवटी सुपरवायझर म्हणाला सर तुमचे बारा तुम्हाला परत, आपण १३८ देऊ. बरं बाबा दे. तर मुलीने १३० मोजले आणि म्हणते, "आठ रुपये सुट्टे नाहीयेत, चॉकलेट चालतील?"

ते बारा रुपये तिच्यासमोर काउंटरवर पडलेले होते हो!

दुसरी-तिसरीतलं गणित आहे हे. आमच्या वेळी वाण्याच्या दुकानात पुड्याच्या कागदावर पेन्सिलीने बारा आयटम लिहून तो माणूस वरून खाली नुसतं बोट फिरवायचा आणि बेरीज तयार. आता एवढं मशीन समोर असून ही अवस्था. तुमच्याकडेही असंच आहे का? आणि कृपा करून यूपीआय करा असं कोणी सांगू नका.

---

टवाळ_टोळ

यूपीआय करा.

---

नलूमावशी

अगदी अगदी! मंडईतली माझी भाजीवाली बघा, शाळेत चौथीपर्यंत गेली असेल नसेल. भेंडी पाव किलो, गवार अर्धा, दोन जुड्या मेथी, लिंबं चार, आलं-मिरची, हे सगळं पिशवीत टाकता टाकता ती "एकशे पंच्याऐंशी, द्या एकशे ऐंशी" म्हणते. मी घरी येऊन कागदावर मांडलंय बरेचदा (हो, मी तसली आहे), एकदाही चूक सापडली नाही. आणि वर ते पाव किलो पंचवीसला न अर्धा चाळीसला करून आपल्याला अर्धा घ्यायला लावते ते गणित तर वेगळंच.

---

काउंटर_नंबर_४

बरेच दिवस नुसती वाचत होते, या धाग्यावर मात्र लिहायलाच लागेल कारण मी कॉलेज करता करता दोन वर्षं अशाच एका ठिकाणी काउंटरवर उभी होते. हो, उभीच. नऊ तास. खुर्ची असायची पण बसलं की सुपरवायझर यायचा.

कपबशी काका, तुमचं गणित बरोबर आहे पण तुम्ही बारा रुपये कधी दिलेत ते सांगा. माझा अंदाज, नोट आधी दिलीत, तिने ५०० टाइप करून एंटर मारलं, गल्ला उघडला, आणि मग तुम्ही नाणी ठेवलीत. बरोबर ना? एकदा एंटर मारलं की स्क्रीनवर जो आकडा येतो तोच खरा, तिथून पुढे डोकं चालवायचं नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. त्याला कारण आहे. एक प्रकारचं गिऱ्हाईक असतं, पाचशेची नोट देतं, तुम्ही मोड मोजायला लागलात की म्हणतं थांब थांब माझ्याकडे सुट्टे आहेत, ती नोट दे इकडे, हे शंभर घे, बरं आता त्याचे मला दोनशे कर, असं बोलत बोलत नोटा दोनतीनदा इकडून तिकडे फिरतात आणि तो गेल्यावर गल्ल्यात तीनशे कमी. माझ्या तिसऱ्या आठवड्यात झालंय माझ्यासोबत. म्हणून नियमच असा की गिऱ्हाइकाची नोट गल्ल्याच्या वर ठेवायची, मोड हातात दिल्याशिवाय आत टाकायची नाही, आणि मध्येच कोणी रक्कम बदलली तर वरच्याला बोलवायचं. तिने तेच केलं.

आणि कमी पडलेले पैसे कोण भरतं माहितीये? रात्री शटर अर्धं खाली ओढून टॅली चालते, कुठल्या किती नोटा ते डिनॉमिनेशन लिहायचं, सिस्टीमशी जुळवायचं. शॉर्ट आला तर पगारातून. जास्त आला तरी ओरडा, कारण मग कुठल्यातरी गिऱ्हाइकाला कमी दिलेत. अशा ठिकाणी कोणी बारा रुपये पुढे केले की वजाबाकी राहते बाजूला, पोटात गोळा येतो आधी. मला बारावीला गणितात ८१ होते. तरी संध्याकाळी सातच्या गर्दीत मीही मोबाइल काढलाय.

चॉकलेटचं मात्र समर्थन नाही. तो मालकाचा धंदा आहे, आमच्यावर ढकललेला.

---

कपबशी_पुणे

@काउंटर_नंबर_४ नोट आधी दिली होती हे खरं आहे. नाणी पाकिटाच्या त्या चोरकप्प्यात अडकली होती, काढेपर्यंत गल्ला उघडला होता. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण तरी १३८ आणि १२ किती हे यायला नको का? बाकी जाऊ दे.

---

शेराला_सव्वाशेर

जुन्या लोकांचं तोंडी गणित पक्कं होतं याचं कौतुक सगळे करतात पण ते का होतं हे कोणी विचारत नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपया मुळातच पाव-अर्धा-पाऊण असा तुटायचा, पाव रुपया म्हणजे चार आणे, पाऊण म्हणजे बारा. त्यामुळे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असणं ही हौस नव्हती, त्याशिवाय मीठ पण विकत घेता आलं नसतं.

माझे आजोबा नगर जिल्ह्यात भुसारवाले. त्यांचं एक सूत्र होतं, जेवढे रुपये मण तेवढ्या आण्यांना अडीच शेर. म्हणजे ज्वारी १२ रुपये मण असेल तर अडीच शेराला बारा आणे. लहानपणी जादू वाटायची, नंतर कळलं की मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा, चाळीस भागिले सोळा अडीच, संपलं. पण या एका ओळीवर अख्खं दुकान चालायचं. मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर, पुढे शेर-मण जाऊन किलो आले, आणि आजोबांचं सूत्र एका फटक्यात रद्दी. आजी सांगायची की त्यांना नव्या पैशांचा हिशेब शेवटपर्यंत जमला नाही, चार आण्याचे पंचवीस पैसे हे ठीक, पण एका आण्याचे सव्वासहा म्हटलं की चिडायचे, गल्ल्यावर मोठ्या मुलाला बसवलं त्यांनी. बाजारातला सगळ्यात हुशार माणूस असा वर्षभरात ढ झाला.

२०११ च्या जूनअखेर पावली (चार आणे, म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं) सुद्धा चलनातून गेली. आता पाऊणकी कोणाला शिकवायची न कशासाठी.

---

डेटनचा_देशपांड्या

अमेरिकेत पण हेच हो. ओहायोत असतो मी. बिल ११ डॉलर २७ सेंट, आपण वीसची नोट, एक डॉलर आणि २७ सेंट द्यावेत म्हणजे दहाची एक कोरी नोट परत मिळेल, तर पोरगा एक डॉलर हसून परत देतो, जणू म्हाताऱ्याचा हात थरथरला. इथे टॅक्स लेबलवर नसतो, काउंटरवर लागतो, त्यामुळे आधीपासून सुट्टे हातात काढून ठेवायची पण सोय नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात नवे सेंट पाडणं बंद केलं, आता हिशेब पाचावर आणायचा म्हणून दुकानात अजून वेगळे गोंधळ.

गंमत म्हणजे हे मशीन जन्मलंच आमच्या गावात. जेम्स रिटी म्हणून डेटनमध्ये एक सलूनवाला होता (आपलं केस कापायचं सलून नव्हे, दारूचा गुत्ता), त्याने १८७९ मध्ये कॅश रजिस्टरचं पेटंट घेतलं. कशासाठी? नोकरांना बेरीज येत नव्हती म्हणून नाही, ते पैसे मारत होते म्हणून! मशीनचं नाव काय ठेवलं होतं तर भ्रष्ट न होणारा कॅशियर. तेव्हा चारनंबरताई म्हणतात ते अगदी बरोबर, ते यंत्र पहिल्यापासून हिशेबासाठी नाहीये, पहाऱ्यासाठी आहे.

बाकी इथल्या एका जुन्या किराणावाल्या आजींकडे अजून वजाबाकी करतच नाहीत, बिलापासून वर मोजत येतात. ३६२ ना, मग हातावर तीन ठेवून ३६५, पाच ठेवून ३७०, तीस ठेवून ४००, शंभर ठेवून ५००. किती परत दिले हे त्यांना स्वतःला पण माहीत नसतं, पण चूक होतच नाही.

---

नलूमावशी

@डेटनचा अहो आमचा सदाशिव पेठेतला वाणी असंच द्यायचा की! हातावर एकेक नाणं टेकवत. विसरलेच होते मी.

---

अर्धं_तिकीट

वडील एसटीत कंडक्टर होते म्हणून लिहितो. सगळ्यांना वाटतं कंडक्टरचं गणित जबरदस्त. वडिलांना विचारलं तर म्हणायचे कसलं गणित, रूट पाठ असतो. कुठून कुठपर्यंत किती, दोन फुल एक हाफ किती, हे रोज शंभरदा म्हटलं की तोंडात बसतं. दुसऱ्या डेपोत बदली झाली की पहिला आठवडा तेही चाचपडायचे. आणि सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची, उतरताना घ्या. निम्मे लोक विसरून उतरतात न मग आयुष्यभर कंडक्टरला शिव्या. वेबिलाला (तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाला) पैसे कमी पडले तर ते पण खिशातूनच, सेम टू सेम.

मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा वडील रिटायर होते, टीव्हीवर बातमी बघून पहिलं वाक्य काय, "आता सुट्ट्याची बोंब होणार."

---

त्र्याण्णव

मला वाटतं निम्मा घोळ गणिताचा नाही भाषेचा आहे. मी काउंटरवर "एकोणसत्तर झाले का?" विचारलं की समोरचं पोरगं "म्हणजे सिक्स्टी नाइन ना?" आणि एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हटलं की तर खलासच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्र्याण्णवला नव्वद तीन असं पण वाचा म्हटलं तेव्हा केवढा दंगा झाला होता आठवतंय, बालभारतीच्या गणित समितीच्या मंगला नारळीकर बाईंना किती ऐकून घ्यावं लागलं. त्या सांगत होत्या की जोडाक्षरांनी पोरं अडखळतात. मी पण तेव्हा तावातावाने विरोधात लिहिलं होतं (आयडी बघा माझा). आता माझाच मुलगा बाहत्तर की सत्तावीस विचारतो तेव्हा गप्प बसतो.

---

काउंटर_नंबर_४

आता गिऱ्हाइकांच्या गणिताबद्दल पण बोलूया का? सेलमध्ये बोर्ड लागायचा, ५०% अधिक २०% सूट. दिवसातून दहा जण भांडायचे की सत्तर टक्के कमी करा. २००० चा ड्रेस, निम्मे झाले १०००, त्यावर वीस टक्के म्हणजे २०० कमी, ८००. पण नाही, ६०० च द्या, तुम्ही लोक फसवता, मॅनेजरला बोलवा. एक साहेब तर बँकेत आहे मी असं सांगून भांडले. त्यांनी मात्र कुठे जाऊन धागा काढला नाही म्हणजे झालं :)

---

टवाळ_टोळ

सत्तर टक्के नसतात????

---

कपबशी_पुणे

आज परत गेलो होतो तिथे, तीच मुलगी होती. बिल २१८. या वेळी आधीच पाचशेची नोट आणि अठरा रुपये एकत्र हातात धरून "पाचशे अठरा" असं म्हणून दिले. तिने ५१८ टाइप केलं, स्क्रीनवर ३००, शंभराच्या तीन नोटा, दहा सेकंद नाही लागले. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली काका, दहाची नाणी अजून असतील तर द्या ना, सकाळपासून सुट्ट्यांची मारामार आहे, शंभरची नोट देते. मग मी चोरकप्पा काउंटरवर उपडा केला आणि दहाची नाणी मोजून तिच्यापुढे सरकवली.

तिने बोटाने एकेक नाणं ओढत मोजली आणि एक परत केलं. "काका, अकरा आहेत."

---

नलूमावशी

ते सगळं ठीक, बाकरवडी घरी कळली का?