मदत हवी आहे: ओलेइक आम्लाचं रूपांतर ४० टक्क्यांवरच थांबतंय

ओलेइक आम्लाच्या दुहेरी बंधावर पाणी जोडून १०-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल करायचं आहे. ओलेएट हायड्रेटेज (हे पाणी जोडणारं एन्झाइम) असलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या धुतलेल्या पेशी, फॉस्फेट बफर, पीएच ६.५, ३० अंश. २५० मिलीच्या फ्लास्कात ५० मिली, त्यात ०.५ ग्रॅम फॅटी अ‍ॅसिड. जास्त ओलेइकचं सूर्यफूल तेल लायपेजने (तेलातून आम्लं सुटी करणारं एन्झाइम) फोडून घेतलेलं. शेकर २०० फेरे. दर तासाला मधून १ मिली नमुना. चार तासांनंतर जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी) रूपांतराचा आकडा हलत नाही आणि वर पांढरे कण तरंगतात. एन्झाइम मरतंय का?

प्रतिसाद १
आधी ते पांढरे कण बघा, बहुतेक तेच तुमचं उत्पादन आहे. ओलेइक आम्ल द्रव असतं, पण १०-हायड्रॉक्सीस्टिअरिक ८० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून ३० अंशांना तयार होता होताच गोठतं, पेशींना आणि काचेला चिकटतं. मधून काढलेल्या १ मिलीत ते येणार कुठून?

दर वेळेसाठी ५ मिलीची वेगळी नळी लावा. वेळ झाली की त्याच नळीत हेप्टाडेकॅनोइक आम्ल (तुलनेचं मानक म्हणून) मोजून टाका, पीएच २ वर आणा आणि एथिल अ‍ॅसिटेटने दोनदा काढा. काचही त्यानेच धुवा. जीसीआधी बीएसटीएफए (हायड्रॉक्सिल झाकणारं रसायन) लावायलाच हवं. नुसता मिथाइल एस्टर केला तर मोकळ्या हायड्रॉक्सिलमुळे आलेखातला पीक (शिखर) शेपटीसारखा पसरतो.

मग हिशेब मोलमध्ये जुळवा: रेणुभार २८२ चा ३०० होतो, म्हणजे १ ग्रॅम ओलेइकपासून जास्तीत जास्त १.०६ ग्रॅम. उरलेलं ओलेइक आणि उत्पादन मिळूनही बेरीज कमी भरली, तर पेशी ते बीटा-ऑक्सिडेशनने (फॅटी आम्लं तोडण्याची त्यांची वाट) खाताहेत. त्या वाटेला लागणारा फॅडडी (fadD) जनुक काढलेला वाण वापरा. हायड्रेटेजला ऑक्सिजन लागत नाही, तेव्हा नायट्रोजन भरून बूच लावा. एन्झाइममधला एफएडी हा सहघटक क्षपित राहिला तर वेगही चांगलाच वाढतो.

प्रतिसाद २
टक्केवारी कशावर काढताय? तेलातल्या पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांना दुहेरी बंधच नाही, ती तशीच राहणार. लिनोलेइकचं १०-हायड्रॉक्सी-१२-ऑक्टाडेसिनोइक होतं, त्याचा पीक वेगळा मोजा. आणि तेल पुरतं फुटलंय का? हायड्रेटेज ट्रायग्लिसराइडला (न फुटलेलं तेल) हात लावत नाही. पूर्ण फुटलेल्या तेलाची अ‍ॅसिड व्हॅल्यू (मोकळ्या आम्लाचं माप) २०० च्या आसपास येते. १२० आली तर लायपेजला अजून वेळ द्या. बफर डिस्टिल्ड पाण्यातच करा, कॅल्शियम असेल तर त्याचा साबण बसतो आणि तोही पांढराच दिसतो.

मूळ प्रश्नकर्ता
अ‍ॅसिड व्हॅल्यू १९४ आहे, म्हणजे तेल पुरतं फुटलंय. वेगळ्या नळ्या लावतो. ५ मिलीत ढवळणं पुरेल का?

प्रतिसाद १
नळ्या आडव्या ठेवून हलवा, उभ्या ठेवल्या तर तेल वरच बसतं. थोडं ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) चालेल, पण ते स्वतःच ओलेइकचा एस्टर आहे, तेव्हा पेशीविना एक नळी त्याच्यासकट चालवा.