मॉर्मन पोरगा, टीव्ही आणि डेटिंग: तुम्हाला पटतंय का?

लेहीकर

आमच्या टीममध्ये एक तेवीस वर्षांचा मुलगा आहे. जन्माने मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, मुख्य ठाणं युटा राज्य), वाढला युटातच, मधली दोन वर्षं ब्राझीलमध्ये मिशनवर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: यांचे मुलगे अठरा पूर्ण झाले की घरच्यांच्या खर्चाने दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात. त्या काळात टीव्ही नाही, सिनेमा नाही, डेटिंग नाही. सोबतचा मिशनरी जोडीदार सोडून एकट्याने हिंडायचंही नाही. २०१९ पर्यंत घरी फोनसुद्धा वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डेला.

त्याच्याशी जेवणाच्या सुट्टीत बरंच बोलणं होतं. मतं ठाम आहेत, त्याच्याच शब्दांच्या जवळपास मांडतो.

टीव्हीबद्दल: "चर्चने बहुपत्नीत्व बंद करण्याचा जाहीरनामा १८९० साली काढला. तरी लोक मला विचारतात, तुझ्या बापाला बायका किती? कारण मालिकांत तेच बघितलेलं. आता हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर २०२४ पासून 'द सीक्रेट लाइव्ह्ज ऑफ मॉर्मन वाइव्ह्ज' ही टिकटॉकवाल्या मॉर्मन बायकांची मालिका आलीय, तर विचारतात तुमच्यात नवरे बदलतात का. दोन्हींत मी कुठे आहे?"

डेटिंगबद्दल: सोळाच्या आत डेट नाही. आणि डेट म्हणजे काय, तर आधी ठरवलेली, कुणीतरी खर्च उचललेली, जोडीजोडीने केलेली. ही व्याख्या नातीकडून ऐकून सांगितली डॅलिन ओक्स यांनी, जे आता चर्चचे अध्यक्ष आहेत. २००५ च्या भाषणात त्यांनी तरुणांना बजावलं होतं की नुसतं टोळक्याने पडीक राहू नका, डेटवर जा. पोरगा म्हणतो, "तुमच्या ॲपवर सहा महिने बोलूनही समोरच्याला लग्न करायचंय का हे कळत नाही. मला दुसऱ्या भेटीत कळतं."

मला टीव्हीचं अर्धं पटलं, डेटिंगचं बरंचसं. नियम माहीत असले की माणूस मोकळेपणाने खेळतो. लग्नाआधी शरीरसंबंध नाही हे दोघांनाही ठाऊक असल्याने त्यावरून रुसवेफुगवे नाहीत. मतं येऊ द्या.

पोहेवाला

म्हणजे कांदेपोहेच, फक्त मुलगा-मुलगी स्वतःच करणार आणि चहाच्या जागी नारळाचं सिरप घातलेला कोक.

(चहा-कॉफी वर्ज्य, सोडा चालतो. युटात रस्त्यारस्त्यावर सोड्याची दुकानं आहेत आणि बाहेर गाड्यांची रांग. अवांतराबद्दल क्षमस्व.)

वासंतिक

लेहीकर, तुमचा मित्र मुलगा आहे. हा तपशील तुमच्या धाग्यात सहज येऊन गेलाय, माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे.

मी युटातच शिकले. कॉलेजचं नाव नको. घरात आम्ही सहा मुली, पाच मॉर्मन आणि मी. नियम कागदावर दोघांनाही सारखे, हे मान्य. पण सोमवारी संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेसाठी पोरं यायची, बिस्किटं खायची, कोण कुणाशी बोलतंय ते बघायची. आणि ती गेली की आमच्या स्वयंपाकघरात अर्धा तास पोस्टमॉर्टेम. कुणी विचारलं नाही, तर माझ्यात काय कमी? बावीस वर्षांची मुलगी हे रडत विचारायची. ठरवायची, विचारायची, पैसे द्यायची पाळी मुलाची. हिने वाट बघायची. मुलीनेही विचारायला हरकत नाही असं सगळे म्हणायचे. विचारलं एकीनेच, आणि तिची चर्चा महिनाभर चालली.

"मोकळेपणाने खेळतो" म्हणताना बिशपचा विचार केलात? यांच्यात पगारी पाद्री नसतो. बिशप म्हणजे शेजारचाच कुणी दंतवैद्य नाहीतर विमा एजंट, काही वर्षांसाठी नेमलेला. ब्रह्मचर्याचा नियम मोडला तर एकोणीस वर्षांच्या मुलीने बंद खोलीत त्याच्यासमोर बसून ते सांगायचं. प्रोव्होच्या ब्रिगॅम यंग विद्यापीठात तर विद्यार्थी आचारसंहितेवर सही करतात: विरुद्ध लिंगाच्या पाहुण्याने बेडरूममध्ये जायचं नाही, मध्यरात्रीपर्यंत घर सोडायचं, शुक्रवारी दीडपर्यंत मुभा. ऐकायला गोड. २०१६ मध्ये उघड झालं की बलात्काराची तक्रार करणाऱ्या मुलींचीच 'तू त्या वेळी त्याच्या खोलीत कशी?' म्हणून चौकशी होत होती. सॉल्ट लेक ट्रिब्यून या दैनिकाने ते लावून धरलं, पत्रकारितेचं २०१७ चं पुलित्झर त्याच बातम्यांना मिळालं. त्यानंतर तक्रार करणारीला आचारसंहितेतून अभय देण्याचं विद्यापीठाने मान्य केलं. तोवर गुन्हेगाराला हा नियम चांगलाच उपयोगी पडत होता.

तिरकस

टीव्हीच्या मुद्द्यावर मी वेगळंच म्हणेन. टीव्हीने बदनाम केलं हे रडगाणं त्यांनी तरी गाऊ नये.

सॉल्ट लेकचं केएसएल हे चॅनेल चर्चच्याच कंपनीचं. १९४९ पासून चर्चच्या अधिवेशनांचं प्रक्षेपण त्यावर होतं. नव्वदच्या दशकात ते एनबीसी या देशव्यापी नेटवर्कला जोडलं गेलं, पण कित्येक वर्षं एनबीसीचा 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा विनोदी कार्यक्रम त्यावर लागतच नव्हता. युटाकरांना दुसरं चॅनेल शोधावं लागे. २०११ मध्ये प्लेबॉय क्लबवरची मालिका नाकारली, २०१३ मध्ये 'हॅनिबल' काही भाग दाखवून बंद केली. म्हणजे आपल्या घरात काय दिसावं हे ठरवण्याची ताकद यांच्याकडे भरपूर आहे.

आणि मुळात इलेक्ट्रॉनिक टीव्ही काढला कुणी? फायलो फार्न्सवर्थ, जन्म १९०६, बीव्हर, युटा. मॉर्मन घरातलं पोर. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिलं चित्र पाठवलं तेव्हा वय एकवीस. त्याच्या स्वतःच्या घरात टीव्हीबद्दल फारसं प्रेम नव्हतं म्हणतात, ते सोडा.

लेहीकर

तिरकस, चॅनेल त्यांचं, पैसा त्यांचा. काय दाखवायचं नाही हे मालकाने ठरवलं तर बिघडलं कुठे? तुमच्या दुकानात तुम्ही गुटखा ठेवत नाही तसं. आणि युटातलं एक चॅनेल हातात असणं आणि जगभर तुमच्या नावाने तमाशा चालणं, यात फरक आहे. चर्चने २०२४ मध्ये त्या मालिकेचं नाव न घेता नाराजीचं पत्रक काढलं, त्याने प्रेक्षक कमी झाले का?

वासंतिक

पण लेहीकर, त्या मालिकेतल्या बायका आकाशातून पडल्या नाहीत. विशीत लग्न, पंचविशीपर्यंत दोन-तीन मुलं, आणि मग एक दिवस टिकटॉकवर नाच. त्यांचं वागणं मला आवडत नाही, पण "या आमच्यातल्या नाहीत" म्हणणं सोयीचं आहे. त्या अगदी तुमच्या मित्राच्या वॉर्डातल्या, म्हणजे स्थानिक मंडळीतल्या आहेत.

प्रवासी_पक्षी

सगळे मॉर्मनांवर घसरलेत म्हणून एक आकडा टाकतो. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१४ च्या अमेरिकेतल्या पाहणीत विवाहित मॉर्मनांपैकी ८२ टक्क्यांचा जोडीदार मॉर्मन होता. हिंदूंचा आकडा किती? ९१. आपण मंडळाच्या वधूवर मेळाव्यात 'कोब्रा, ग्रीन कार्ड' लिहिणारी माणसं त्यांच्या पोरांना बंदिस्त म्हणतो!

बाकी युटातल्या स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरातली होळी एकदा बघा. हजारोंनी तरुण येतात, त्यात मॉर्मन पोरंपोरी ढिगाने. दारू नाही, भांग नाही, हरे कृष्ण चालू आणि गालाला रंग लावायची मुभा. पहिल्या डेटला याहून बरी जागा त्या खोऱ्यात नसावी.

वासंतिक

आकडा मान्य, तुलना अपुरी. माझ्या चुलतभावाने कॅथलिक मुलीशी लग्न केलं. काकू वर्षभर बोलली नाही, मग नातू झाला आणि विषय मिटला. परलोकाचा हिशेब कुणी काढला नाही.

मॉर्मनांचं तसं नाही. त्यांच्या मंदिरात लागलेलं लग्न या जन्मापुरतं नसतं, अनंतकाळासाठी असतं, आणि मुलंही आईबापांशी कायमची बांधली जातात. जोडीदार चर्चबाहेरचा असेल तर हे बंधन होतच नाही. मंदिरात प्रवेशपत्राशिवाय कुणालाच सोडत नाहीत. त्यामुळे आईबाप सभासद नसतील तर पोटच्या मुलीचं लग्न लागताना ते बाहेर बाकावर. आधी कोर्टात लग्न करून सगळ्यांना बोलवावं म्हटलं तर अमेरिकेत मंदिरविधीसाठी वर्षभर थांबावं लागे. ती अट २०१९ मध्ये काढली, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

आता डोक्यावर एवढं ओझं घेऊन एकवीस वर्षांचं पोर पहिल्या डेटला आइस्क्रीम खातंय. दुसऱ्या भेटीत कळतं म्हणे. कळायलाच लागतं!

तिरकस

वरच्या प्रतिसादाला +१. माझं टीव्हीचं भांडण राखून ठेवतो.

पोहेवाला

पण श्रद्धा असेल तर ते ओझं वाटत नसेल ना? वारीला जाणाऱ्याला पाय दुखतात का विचारलं तर तो हसतो.

वासंतिक

वारी अर्ध्यात सोडून एसटीने घरी आलं तर आई रडत नाही.

लेहीकर

वासंतिकचा बिशपचा मुद्दा मी आज त्याच्यापुढे ठेवला. चिडला नाही. म्हणाला, चांगल्या बिशपशी बोलून हलकं वाटतं, मिशनवर जाण्याआधी तो स्वतः तसा बोललाय. मग थोडा थांबून म्हणाला, धाकटी बहीण सतरा वर्षांची आहे, तिने एकटीने जावं असं मला वाटत नाही. २०१८ पासून मुलाखतीला आई किंवा दुसरं मोठं माणूस सोबत नेता येतं, ते तिने न्यावं.

लग्नाच्या ओझ्यावर मात्र तो ठाम: "ते ओझं नाही, तेच तर मला हवंय."

वासंतिक

सोबत नेता येतं, हो. पण "आई, तू पण चल" म्हटल्याबरोबर आईला कळतं की सांगण्यासारखं काहीतरी आहे. बहिणीने नेलं का, एवढं विचारून सांगा.