मदत हवी आहे: कॉफीत धुतलेला रोल फिकट आणि करडा आला, दोष कॅमेऱ्याचा की कॉफीचा?

अंधारखोली:
नमस्कार मंडळी. कृष्णधवल रोल घरी कॉफीने धुतला आहे, निकाल पाहून जाणकारांनी निदान करावं ही विनंती.

कॅमेरा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, त्यात अडॅप्टर लावून ६ व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी. रोल इलफर्ड एचपी५ प्लस, डायलवर फिल्मचा वेग ४००. पॅटरसनच्या टँकमध्ये ३०० मिली द्रावण: धुण्याचा सोडा १६ ग्रॅम (किराणा दुकानातला, खड्यांचा), व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या ५०० मिग्रॅच्या दहा गोळ्या कुटून, इन्स्टंट कॉफी १२ ग्रॅम. तापमान २४ अंश, वेळ १० मिनिटं. नंतर पाणी, मग हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण).

चित्रं उमटली आहेत, पण फारच फिकट. घरातल्या फ्रेम्स बाहेरच्यांपेक्षा रिकाम्या. सगळ्या पट्टीवर, दोन फ्रेम्सच्या मधेसुद्धा, करडा-तपकिरी पडदा आहे. कडेचे आकडे डोळे ताणले तरच दिसतात. दुसरा रोल काढून तयार आहे, तो धुण्याआधी काय बदलू?

हायपोवाला:
कडेचे आकडे नीट दिसत नाहीत, यातच अर्धं उत्तर आहे. ते आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच प्रकाशाने छापलेलं असतं, तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आकडे ठसठशीत आणि फ्रेम्स फिकट असतील तर कॅमेऱ्याने प्रकाश कमी दिला. आकडेही फिकट असतील तर डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण, इथे तुमची कॉफी) कमी पडला. तुमचं प्रकरण या दुसऱ्या प्रकारातलं आहे. कोणताही रोल बिघडला की आधी कड पाहायची, मगच बोट दाखवायचं.

आता कृती. कॅफेनॉल-सी-एम या कॉफी-डेव्हलपरच्या नेहमीच्या प्रकाराचं एक लिटरचं प्रमाण: निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी पावडर १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशाला १५ मिनिटं. ३०० मिलीला १६.२, ४.८ आणि १२ ग्रॅम. आकडे तुम्ही बरोबर घेतलेत, प्रश्न आहे तो "निर्जल" या शब्दाचा. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. १०६ ग्रॅम निर्जल सोड्याचं काम करायला २८६ ग्रॅम खडे लागतात, म्हणजे २.७ पट.

ओळखायची सोपी खूण: चमचाभर सोडा थोड्या पाण्यात ढवळा आणि भांड्याला हात लावा. निर्जल सोडा विरघळताना पाणी कोमट होतं, खड्यांचा सोडा ते गार करतो.

सोडा कमी पडला की दुहेरी नुकसान होतं. व्हिटॅमिन सी हे आम्ल आहे. ते घालताना जो फेस येतो तो सोडा खर्ची पडल्याचाच. आधीच कमी असलेल्या सोड्यातला मोठा हिस्सा तिथे गेला, तर डेव्हलपरला लागणारी अल्कधर्मी पातळी राहतच नाही.

कॉफीच्या पाकिटावर चिकोरी किती टक्के छापली आहे तेही सांगा.

अंधारखोली:
पाणी गार होतं, अगदी स्पष्ट जाणवतं. पाकिटावर चिकोरी ३० टक्के.

हायपोवाला:
मग दोन्ही बदला.

सोडा: खडे जुने असतील तर हवेत सुकून वरून पांढरी भुकटी होते. तेव्हा आत नक्की किती पाणी उरलंय हे वजनावरून कळत नाही, त्यामुळे नुसतं २.७ ने गुणून भागत नाही. सरळ खाण्याचा सोडा घ्या, ओटीजीत २०० अंशावर पसरट ताटात तासभर तापवा, मधेच एकदा हलवा. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम झाले की पूर्ण निर्जल धुण्याचा सोडा तयार. वजन जास्त भरलं तर आणखी तापवा. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत. खाण्याचा सोडा न तापवता तसाच वापरू नका, त्याने फिल्म जेमतेम उमटते.

कॉफी: शंभर टक्के कॉफीवाली इन्स्टंट, जितकी स्वस्त तितकी चांगली. फिल्म डेव्हलप करतं ते कॅफिक आम्ल, कॅफीन नव्हे. स्वस्त कॉफीत असणाऱ्या रोबस्टा जातीच्या दाण्यांत तसली आम्लं अरेबिका जातीपेक्षा जास्त असतात. चिकोरी रंग भरपूर देते, काम कॉफीइतकं करत नाही. चांगली फिल्टर कॉफी कपासाठी ठेवा. तिचं डिकॉक्शन दर वेळी वेगळं उतरतं, टँकसाठी एकसारखेपणा हवा.

गोळ्या बंद. त्यांत साखर, रंग, बांधणीचा चुरा असतो. शुद्ध अॅस्कॉर्बिक अॅसिडची पावडर आणा.

क्रम महत्त्वाचा: आधी सोडा पूर्ण विरघळवा, पाणी निवळू द्या, मग व्हिटॅमिन सी, फेस बसला की कॉफी. पाचेक मिनिटं थांबून बुडबुडे जाऊ द्या आणि लगेच वापरा, हे द्रावण टिकत नाही. पहिलं मिनिटभर टँक सतत उलटसुलट, मग दर मिनिटाला तीनदा.

आणि द्रावण टँकमध्ये ओतण्याआधी फिल्मच्या सुरुवातीच्या जिभेचा एक तुकडा कापून उजेडातच थोड्या द्रावणात टाका. काही मिनिटांत तो काळा ठिक्कर पडायला हवा. राखाडीवर अडकला तर रोल घालू नका. ही एक सवय रोल वाचवते.

(१९९५ मध्ये रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स यांच्या वर्गात कॉफीने फिल्म धुण्याचा हा प्रकार जन्मला, तेव्हा त्यात व्हिटॅमिन सी नव्हतं. ते नंतर आलं आणि वेळ आटोक्यात आला.)

रिवाइंड:
वरचं सगळं मान्य, पण कॅमेऱ्याला पूर्ण सोडू नका. घरातल्या फ्रेम्स जास्त रिकाम्या आहेत, ही खूण बघण्यासारखी आहे. इलेक्ट्रोला बॅटरीचा करंट मिळाला नाही तरी शटर पडतं, फक्त दर वेळी १/५०० सेकंदाने. उन्हात चित्र येतं, घरात काळोख.

मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची पाऱ्याची होती. ६ व्होल्टने या कॅमेऱ्याचं काही अडत नाही. अडतं ते अडॅप्टरच्या स्प्रिंगमुळे किंवा खोबणीतल्या हिरव्या गंजामुळे. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून गंज पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मागचं तपासणीचं बटण दाबल्यावर हिरवा दिवा लागायला हवा. मग रोल न घालता, भिंगाचं छिद्र एफ १६ वर (सगळ्यात लहान) ठेवून अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखा: अर्धं बटण दाबल्यावर पिवळा दिवा (शटर १/३० सेकंदापेक्षा मंद), आणि पूर्ण दाबल्यावर शटर बराच वेळ उघडं राहिलेलं कानाला कळायला हवं. चटकन बंद झालं तर करंट पोचत नाही किंवा आत बिघाड आहे.

तिसरी गोष्ट आवाजाची. फिल्म पुढे ओढताना आतून एक ठळक "टक्" ऐकू येतो का? शटर बटणाच्या दांड्याखाली रबराची छोटी गादी असते, ती वयाने विरघळते, आणि मग हा आवाज बंद होतो, एक्स्पोजरचा (फिल्मवर किती प्रकाश पडतो याचा) भरवसाही जातो. गादी बदलता येते, पण वरचं झाकण उघडावं लागतं. पहिल्यांदाच करत असाल तर जुने कॅमेरे उघडणाऱ्या माणसाकडेच द्या.

मागच्या दाराचा फोमही पाहा. चिकट डांबरासारखा झाला असेल तर काडीने खरवडून, अल्कोहोलने पुसून खाचेत काळी लोकर बसवा. तुमचा करडा पडदा त्याचा वाटत नाही, कारण दारातून शिरलेला प्रकाश एका कडेने पट्टे पाडतो. सगळीकडे सारखा पसरत नाही.

चिकोरी नको:
पडद्याबद्दल. दुधी असेल तर हायपो अपुरा: जिभेचा दुसरा तुकडा हायपोत टाका, पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. तपकिरी झाक कॉफीचा डाग आहे, स्कॅन करताना अडचण येत नाही. उरलेला करडा भाग रासायनिक धुकं, म्हणजे प्रकाश न पडलेली फिल्मही डेव्हलपरने थोडी काळवंडणं. ४०० च्या फिल्मला या कृतीत ते चढतंच, म्हणून लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालतात, म्हणजे तुम्हाला ०.३ ग्रॅम. इतकं बारीक वजन करणारा काटा नसेल तर लिटरला १० ग्रॅम आयोडीनयुक्त मीठ, तुम्हाला ३ ग्रॅम.

आपल्याकडच्या मिठात आयोडाइड नसून पोटॅशियम आयोडेट असतं. चिंता नको, द्रावणातलं व्हिटॅमिन सी त्याचं आयोडाइड करतं. म्हणून मीठ सगळ्यात शेवटी न घालता व्हिटॅमिन सीनंतर लगेच घाला.

तापमानही धरून ठेवा. २४ अंशाला दहा मिनिटं हिशेबात बसतात, पण नळाचं पाणी तीसला असताना टँक हातात धरून हलवत राहिलात तर शेवटापर्यंत ते २४ राहत नाही. बादलीत बर्फ घालून २० अंशाचं पाणी करा, टँक, हायपो आणि धुण्याचं पाणी तिन्ही त्यात ठेवा. डेव्हलपर गार आणि धुणं गरम असं झालं तर इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) सुरकुत्या पडतात. शेवटचं खंगाळणं बोअरच्या पाण्याने नको, पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. क्षारांचे ठिपके वाळल्यावर निघत नाहीत.

अंधारखोली:
खूप आभार. हिरवा दिवा लागतो, "टक्" येतो, पण अंधारात शटर कधी उशिरा, कधी लगेच बंद होतं. अडॅप्टर काढला तर स्प्रिंगवर हिरवट थर आहे. घरात फक्त सैंधव आहे, ते चालेल का?

चिकोरी नको:
नाही. सैंधवात आणि खड्यांच्या साध्या मिठात आयोडीन मिसळलेलं नसतं. पिशवीवर "आयोडीनयुक्त" छापलेलं साधं बारीक मीठ आणा.

रिवाइंड:
स्प्रिंग पुसून पुन्हा अंधारातली चाचणी ओळीने दहा वेळा घ्या. दहाही वेळा शटर सारखाच वेळ उघडं राहिलं तरच नवा रोल भरा. काढून ठेवलेल्या रोलमध्ये घरातल्या फ्रेम्स असतील तर त्या काही प्रमाणात गेल्याच समजा, त्यांच्यासाठी वेळ वाढवू नका, उन्हातल्या चांगल्या फ्रेम्स जळतील.