निसार आला म्हणून हिमालयातले जीपीएस खांब उपटायचे का?

टेथिस
कालच्या धाग्यातला दावा: "हिमालय दरवर्षी ५ सेंमी दाबला जातोय. निसार हा नवा भारत-अमेरिकी रडार उपग्रह ते दर १२ दिवसांनी मोजेल, मग जमिनीचं सरकणं नोंदवणाऱ्या जीपीएस स्टेशनांवर (खांबांवरच्या अँटेनांवर) खर्च कशाला? मोठा भूकंप कधी होणार तेही आता कळेल." इतक्या थोडक्यात इतकं चुकवणं सोपं नाही, म्हणून हे लांबण.

५ सेंमी हा अख्ख्या भारतीय प्लेटचा (भूपट्टाचा) जागतिक चौकटीतला, म्हणजे अख्ख्या पृथ्वीच्या संदर्भातला वेग आहे. पुणे आणि नागपूर जवळपास त्याच वेगाने ईशान्येकडे सरकतात, त्यांच्यातलं अंतर त्याने बदलत नाही. दाब मोजायला दोन बाजूंच्या वेगातला फरक लागतो. युरेशियाच्या तुलनेत तो ३.५ ते ४ सेंमी. त्यातला निम्माच, १८ ते २० मिमी, हिमालयात जिरतो. उरलेला तिबेट ते तिएनशान असा वाटला जातो.

दुसरं, रडार उपग्रह ध्रुवीय कक्षेत, म्हणजे जवळपास उत्तर-दक्षिण फिरतो आणि बाजूला बघतो; जमीन त्याच्या जवळ आली की लांब गेली, एवढंच तो दोन वेळच्या चित्रांच्या जोडीतून मोजतो. ३९ अंशाच्या कोनात वर-खाली हालचालीचा ०.७८ भाग त्याला दिसतो, पूर्व-पश्चिमेचा ०.६२, उत्तर-दक्षिणेचा जेमतेम ०.१. म्हणजे नेपाळात उत्तर-दक्षिण २० मिमी आकुंचन झालं तर रडारच्या पदरात २ मिमी. निसारच्या एल-बँड रडारलहरींची तरंगलांबी २४ सेंमी आहे, युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची ५.६. लांब लहर झाडीतून जास्त पार जाते, त्याचा फायदा नक्की होईल. पण कक्षा ध्रुवीयच.

आणि तारीख? पश्चिम नेपाळात १५०५ नंतर तेवढा मोठा भूकंप नाही. वर्षाला १८ मिमी धरले तर ५०० वर्षांत ९ मीटर घसरण भूकंपात व्हायची बाकी आहे. बाकी कळते, वसुलीचा दिवस कळत नाही.

फ्रिंज_मोजणारा
उत्तर-दक्षिणेचं हे तुणतुणं किती वर्षं वाजवणार? गढवाल-कुमाऊंत पर्वतरांग तिरपी आहे, आकुंचन ईशान्येकडे. उत्तरेपासून ३० अंश धरा: २० पैकी १० मिमी पूर्वेकडे, म्हणजे रडारला ६ मिमी. नेपाळातही उचल दिसते. एन्व्हिसॅट या जुन्या युरोपीय रडार उपग्रहाच्या चित्रांवरून २०१२ मध्येच उंच हिमालयाची उचल वर्षाला ७ मिमीपर्यंत मोजली गेली. आणि २५ एप्रिल २०१५ चा गोरखा भूकंप सोयीस्कर विसरलात. १७ आणि २९ एप्रिलच्या सेंटिनेल-१ चित्रांच्या जोडीत प्रत्येक रंगीत पट्टा (फ्रिंज) म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंमी हालचाल. काठमांडूकडे मीटरभर उचल, मागचा उंच हिमालय अर्ध्या मीटरहून जास्त खचलेला. भेग वर न येता जमिनीखालीच थांबली, हे त्या नकाशात लख्ख दिसतं. १५० किमी लांबीच्या त्या भेगेवर तुमचे खांब किती होते हो?

टेथिस
मोजके होते. पण त्यातल्याच केकेएन४ या काठमांडूजवळच्या जीपीएस स्टेशनने सेकंदाला पाच नोंदी करत दीड-दोन मीटरची दक्षिणेकडची उडी लिहून ठेवली. काठमांडूचं खोरं ४-५ सेकंदांच्या झोक्याने डोललं, हेही त्याच नोंदींतून कळलं. १२ दिवसांनी परत येणाऱ्याला हे कसं दिसणार? नकाशा तुमचा सुंदर, हे मान्य. भिंतीवर लावा.

ओलावा
७ मिमी वाचून टाळ्या वाजवण्याआधी हवेचं काय केलं ते विचारा. दरी १००० मीटरवर, कडा ५००० वर. मधल्या बाष्पाने रडारला होणारा उशीर उंचीबरोबर बदलतो, आणि तो उचलीसारखाच दिसतो. पावसाळ्यातलं एक चित्र आणि हिवाळ्यातलं एक अशी जोडी केली की सेंटीमीटरमध्ये खोटी उचल मिळते. नोव्हेंबर-फेब्रुवारीच्याच जोड्या घ्याव्या, तर वर बर्फ. हवामान मॉडेलची दुरुस्ती लावाच, पण अरुंद दरीत ते मॉडेल भोंगळ असतं. आणि फक्त १२ दिवसांच्या जोड्या रचत गेलात तर माती-झाडांच्या ओलाव्याची छोटी चूक साचून वेगात शिरते. वर्षभराच्या जोड्या मिसळाव्याच लागतात.

चमोलीकर
जोशीमठ १२ दिवसांत ५.४ सेंमी खचलं, ते उपग्रहानेच सांगितलं ना?

ओलावा
ते जुन्या दरडीच्या ढिगाऱ्याचं उतारावर सरकणं. प्लेटच्या टकरीत नका मोजू, धाग्याचे आणखी दोनशे प्रतिसाद होतील.

गच्चीविरोधक
सगळे उपग्रहावर बोलताय, खांब कुठे उभे आहेत ते कोणी बघणार का? अर्धे अँटेना इमारतींच्या गच्चीवर. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१ मिमी फुगतं. दहा मीटर उंच इमारत, वीस अंशांचा फरक, झाले २ मिमी. शेजारी पत्र्याची शेड असेल तर परावर्तित लहरींचा गोंधळ वेगळा. खरा खांब म्हणजे खडकात खोल भोकं पाडून सिमेंटने पक्क्या केलेल्या पोलादी सळया, एक उभी, बाकीच्या तिरप्या, वर एकत्र वेल्ड केलेल्या.

टेथिस
तो फुगवटा वार्षिक आहे, दरवर्षी परत येतो. पावसाळ्यात गंगेच्या मैदानातल्या पाण्याच्या वजनाने जमीनच त्याहून जास्त दबते. किमान अडीच वर्षांची नोंद घ्या, वार्षिक चढउतार वेगात फारसा मिसळत नाही. पूर्ण वर्षांवर अर्धं वर्ष जास्त असेल तर सर्वात कमी. खडक नाही म्हणून तराईत स्टेशनच नको का? मग मैदानाकडची बाजू कशाला धरून मोजणार?

गच्चीविरोधक
"फारसा" हा शब्द आवडला. पण अँटेना बदलली आणि स्टेशनच्या लॉगमध्ये लिहिलंच नाही, तर आलेखात सेंटीमीटरभर पायरी येते. ती कुठल्या वार्षिक चक्रात बसते? लोक तिला भूकंपापूर्वीची हालचाल म्हणून खपवतात.

फ्रिंज_मोजणारा
म्हणूनच म्हणतोय, रडारला अँटेना बदलावी लागत नाही.

टेथिस
तुमच्या चित्रातला शून्य कुठे ठेवता ते सांगा आधी. रडार फक्त सापेक्ष हालचाल देतं. शेकडो किमीचा हळुवार उतार जागतिक चौकटीत बसवायला शेवटी याच खांबांचे वेग वापरता ना?

फ्रिंज_मोजणारा
वापरतो. दोन-चार पुरतात, दोनशे नकोत.

गच्चीविरोधक
मग त्या दोन-चारांच्या लॉगमध्ये अँटेनाची उंची उभी मोजली की तिरपी, एवढं तरी लिहायला लावा.