देखण्या मॉडेलच्या आधी नियम

ग्राहकाला खुर्चीसारखी वस्तू स्क्रीनवर रंग, कापड निवडून हवी तशी जुळवून पाहता येते, त्या थ्रीडी कॉन्फिगरेटरबद्दल एकांचं म्हणणं आहे की मॉडेल जितकं बारकाईनं केलेलं, तितका ग्राहकाचा विश्वास जास्त. मला हे अर्धंच पटतं. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र, जेपेग म्हणून दोन-तीन एमबीचं दिसेल, पण ग्राफिक्स मेमरीत उलगडलं की ६४ एमबी जागा खातं. अशी पाच-सहा लावली की साधा फोन गुदमरतो. तेच १०२४ पिक्सेलवर आणलं तर ४ एमबीत भागतं, आणि तळहाताएवढ्या स्क्रीनवर फरक क्वचितच जाणवतो. केटीएक्स२ या टेक्स्चरसाठीच्या फाइल प्रकारात दाबून टाकलं तर ते मेमरीतही दाबलेलंच राहतं, हे तर फारच उपयोगी.

पण खरी मेहनत चित्रात नाहीच, नियमांत आहे. खुर्चीचे ८ रंग, ६ कापडं, ५ प्रकारचे पाय आणि ४ आकार धरले तरी ९६० जोड्या होतात. त्यातल्या कित्येक कारखान्यात बनतच नाहीत. म्हणून भाग सुटे ठेवा आणि कोणता भाग कशाबरोबर चालतो याचा तक्ता मॉडेलला हात लावण्याआधीच तयार करा. न चालणारा पर्याय गुपचूप गायब करू नका. तो फिकट दाखवून कारण लिहा, नाहीतर माणूस तो शोधत बसतो.

आणि कृपया, रिकाम्या सांगाड्यापासून सुरुवात नको. एक छान, पूर्ण जुळलेली वस्तू समोर ठेवा. लोकांना शून्यातून घडवण्यापेक्षा आहे त्यात बदल करणं सोपं जातं. किंमतही प्रत्येक बदलाबरोबर तिथल्या तिथे दिसली पाहिजे.