कंपनीच्या नावाचा ग्रुप : तुमचा अनुभव लिहा

त्र्यंबकरोडकर (धागाकर्ता)
नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यात, सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर, कुठेही नोकरी केली असेल तर कंपनीच्या नावाचा एखादा ग्रुप तुम्ही पाहिलाच असेल. आधी ऑर्कुटवर, मग फेसबुकवर. काढणारे आणि चालवणारे आपणच कामगार, पण नाव आणि लोगो कंपनीचा. तिथे काय मिळालं, काय गमावलं, ते लिहाल का?

सुरुवात मी करतो. २००७ मध्ये अंबडला ट्रेनी होतो. कॅन्टीनमध्ये साहेबांची टेबलं वेगळी, आमची वेगळी. ऑर्कुटच्या कम्युनिटीत मात्र टूलरूमचे जुने काका, डिझाइनचे इंजिनिअर आणि मी एकाच पानावर. ड्रॉइंगमधले टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, वाचायला मी खरं तर तिथे शिकलो. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. त्या गप्पा मी उतरवून घेतल्या नाहीत. काका आता हयात नाहीत, त्यामुळे ती रुखरुख जास्तच आहे.

दुसरी_पाळी
माझा अनुभव कडू आहे, नव्या मुलींसाठी लिहिते. खंडेनवमीला लाइनवर मशीनची पूजा झाली. झेंडूच्या माळा, आम्ही सगळ्या नव्या साड्यांत. साहेबांनीच फोटो काढला, मी ग्रुपवर टाकला. मागच्या बोर्डावर ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर आणि आठवड्याचं रिजेक्शन (नापास झालेला माल) लिहिलेलं होतं, तिकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. ग्रुप पब्लिक, म्हणजे ग्राहकालाही दिसणारा. तिसऱ्या दिवशी मेमो आला. चूक माझी होती, मी मान्य केली. पण मेमो एकट्या मलाच मिळाला, हा सल अजून जात नाही.

पाथर्डी_फाटा
पगारवाढीच्या कराराच्या वेळी ग्रुपपासून लांब राहा, एवढंच सांगेन. आमच्याकडे बोलणी चालू असताना कोणीतरी वाढीचा आकडा टाकला. तो खोटा होता. गेट मीटिंगला युनियनचे लोक उभे राहिले तेव्हा निम्मे कामगार त्यांच्यावरच चिडलेले. मनं सांधायला वर्ष गेलं.

जुना_मेंटेनन्सवाला
मी दुसरी बाजू सांगतो. एप्रिल २०२१. नाशिकमध्ये ऑक्सिजन बेड मिळेना. कंपनी सोडून गेलेले, निवृत्त झालेले, सगळे फेसबुकच्या ग्रुपवर परत जमले. कोणाकडे गाडी, कोणाचा भाचा मेडिकल स्टोअरमध्ये, कोणी नुसता रात्रभर फोन लावणारा.

एकाने वडिलांसाठी जम्बो सिलिंडर मिळवला आणि वेल्डिंगचा रेग्युलेटर लावू का, असं विचारलं. मी तिथल्या तिथे फोन केला : अजिबात लावू नकोस, फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर जातो ते दाखवणारा) असलेला मेडिकल रेग्युलेटरच हवा. तो सिडकोतल्या एका माजी सहकाऱ्याने आणून दिला. ७ घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला ५ लिटरने साधारण २३ तास पुरतो, हा हिशोब मी लिहून टाकला. पुढे रोज कोणी ना कोणी तो विचारत होतं. त्याचे वडील वाचले. दोघांचे नाही वाचले. त्यांची नावं त्या पानावर आम्ही कोणीही पुसू देत नाही.

आयटीआय_फिटर
मी पेठ तालुक्यातला. मोठ्या कंपनीच्या नावाचा ग्रुप, वर लोगो, गेटचा फोटो, खाली 'थँक यू सर, जॉइन झालो' अशा कमेंट. गेटपास आणि गणवेशाचे म्हणून २,५०० रुपये भरले. आईने शेतमजुरीतून साठवलेले. नंतर तो नंबर लागेना. तिथेच असलेल्या खऱ्या कामगाराने मेसेज केला, 'भावा, पैसे घेऊन भरती होत नसते. आत्ता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव.' मी दोन दिवस उशीर केला होता, पैसे गेलेच. पण त्या दादाने अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर माझी नोंदणी करून दिली. आता सातपूरला आहे.

त्र्यंबकरोडकर
हे वाचून आमच्या ग्रुपवरचा लोगो काल रात्री उतरवला. 'हा कंपनीचा अधिकृत ग्रुप नाही, इथे भरती होत नाही' असं सगळ्यात वर लिहिलं. मायको कंपनीची बॉश होऊनही आपण नाशिकच्या त्या चौकाला मायको सर्कलच म्हणतो, तसं ग्रुपचं नाव मात्र राहू दिलंय. जुन्या फोटोंमध्ये बोर्ड, ड्रॉइंग दिसतंय का ते तपासायला दोघं जण हवेत. रविवारी कोणाला जमेल?